मोठ्या माणसाला जंत झालेत हे कसं ओळखायचं?

प्रश्न: बायको दिवसभर थकलेली असते, झोपेत दात खाते. आई म्हणते जंत झालेत. मोठ्या माणसांना जंत होतात का, आणि ते कसं ओळखायचं? मेडिकलमधून गोळी आणून दिली तर चालेल का?

उत्तर:

दात खाण्याचा आणि जंतांचा संबंध नाही. तुमच्या आईंची समजूत आमच्या आत्याचीही होती, निम्म्या महाराष्ट्राची असेल. गूळ-साखर खाल्ली की जंत होतात, हेही त्यातलंच. ते सोडून द्या. पण "दिवसभर थकलेली असते" हे सोडू नका. तेवढ्यासाठीच मी लिहायला बसले आहे.

मी डीएमएलटी केलेली लॅब टेक्निशियन. नोकरी पुण्यात, गाव कुडाळ तालुक्यात, घरी भातशेती आणि थोडे माड-पोफळी. वहिनी डोंबिवलीची. लग्नानंतर दादाने गावीच राहायचं ठरवलं आणि पहिल्याच पावसात ती हौसेने लावणीला उतरली, सगळ्यांसारखी अनवाणी. पायाच्या बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली, लाल पुरळ उठलं. सगळे म्हणाले चिखल्या झाल्या, मेंदी लाव. तिने लावली. (पावसात चिखल्या होतातच, तेव्हा यात मी कुणाला बोल लावत नाही.) मग कोरडा खोकला सुरू झाला, तो हवेमुळे. नंतर पोटात वरच्या अंगाला दुखायला लागलं, जेवल्यावर मळमळ, ती ॲसिडिटी. तिच्या प्रत्येक तक्रारीला आमच्या घरात नाव तयार असायचं.

पुढच्या वर्षीच्या लावणीला ती अर्ध्या कुणग्यातच (भाताच्या खाचरातच) बसकण मारायला लागली. विहिरीवरून कळशी आणताना वाटेत टेकायची. दुपारची जेवणं आटपली की ओटीवर आडवी. आत्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "शेरातली पोर ती, तरव्याची मूठ हातात घेतल्यार धाप लागता तिका." दादा तिच्याही वरचा. त्याने मला फोनवर सरळ 'आळशी' म्हणून सांगितलं, आणि वहिनी तेव्हा बाजूला भाजी निवडत होती.

मग एकदा ती शेजारच्या पोराची पाटीवरची पेन्सिल खाताना सापडली. कच्चे तांदूळ तर येता-जाता तोंडात टाकायचीच. आत्याला वाटलं डोहाळे. घरात आनंदीआनंद, देवापुढे नारळसुद्धा ठेवून झाला. तपासणीत तसं काही निघालं नाही, आणि तिची जी काय किंमत उरली होती तीही उतरली. माती, खडू, पेन्सिल, कच्चे तांदूळ, बर्फ असलं काही खावंसं वाटणं ही अंगातलं लोह कमी झाल्याची मोठी खूण आहे. इतक्या बायका हे चोरून करतात आणि त्यांना कुणी कधी विचारत नाही, याचा मला आजही राग येतो.

शेवटी डॉक्टरांकडे नेलं. हिमोग्लोबिन ६.८. लोहाच्या गोळ्या, बीट, खजूर, पालेभाज्या. चार महिन्यांत ८ झालं, गोळ्या थांबवल्या की पुन्हा खाली. मध्ये एकदा शी तपासून झाली, रिपोर्ट आला 'अंडी आढळली नाहीत'. हा कागद दादाने जपून ठेवला आहे.

मी गणपतीला घरी गेले आणि तिचा खालचा डोळा ओढून पाहिला तर पांढराफटक. नखं मध्ये खोल गेलेली. सगळे रिपोर्ट मागवून घेतले. सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) १४ टक्के, पुढे बाण छापलेला. साधारण ६ च्या आत असायला हवेत. दमा आणि ॲलर्जीतही ते वाढतात, मान्य. पण अनवाणी शेतात उतरणारी कोकणातली बाई, लोह देऊनही न टिकणारं रक्त आणि त्यात हा आकडा, एवढं समोर असताना कुणालाच काही सुचू नये?

शीचं सँपल सकाळी सातला डबीत भरलेलं आणि कुणीतरी दुपारी बाजारात जाताना नेऊन दिलेलं. तोवर काय राहणार त्यात? या जंताची अंडी नाजूक असतात, उकाड्यात पडून राहिलं की पुढच्या अवस्थेत जातात आणि ओळखू येईनाशी होतात. शिवाय अंडी रोज सारखी पडत नाहीत. म्हणून वेगवेगळ्या दिवसांची तीन सँपलं द्यायची, आणि तासा-दोन तासांत लॅबमध्ये पोचवायची. मी तेच केलं. ओळखीच्या लॅबमध्ये स्वतः मायक्रोस्कोपवर बसले. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी दिसली: लंबगोल, काचेसारखं पातळ कवच, आत चार-आठ पेशींचा पुंजका. हुकवर्म, म्हणजे अंकुशकृमी. दादाला आणून आयपीसला डोळा लावायला लावला. तो म्हणाला, "बुडबुडे असतील."

आता थोडं तुमच्या प्रश्नाकडे येते. लोकांच्या डोक्यात जंत म्हणजे शीत पडणारा लांबलचक पांढरा किडा. तो गोलकृमी, वीतभर किंवा जास्तच लांब, तो कधीकधी दिसतो खरा. अंकुशकृमी जेमतेम सेंटिमीटरभर, आतड्याच्या आतल्या बाजूला चावा घेऊन लटकलेला, बाहेर पडून तुम्हाला दर्शन देत नाही. तो तोंडावाटेच शिरतो असंही नाही. माणसाच्या शीतून दमट, सावलीच्या, भुसभुशीत मातीत पडलेल्या अंड्यातून निघालेली अळी पायाच्या कातडीतून आत घुसते (ती वहिनीची खाज), रक्तातून फुप्फुसात जाते (तो खोकला), घशात येऊन गिळली जाते आणि आतड्यात ठाण मांडते. अंकुशकृमीच्या दोन जाती माणसाला होतात. त्यातल्या मोठ्या जातीचा एकेक जंत दिवसाला ०.१५ ते ०.२ मिलिलिटर रक्त खातो, धाकट्या जातीची भूक त्याच्या पाचव्या हिश्शाची. मोठे शंभर असतील तर रोज तीन चमचे रक्त गेलं. त्यात पाळी असलेली बाई. बीट-खजूर कुठवर पुरणार?

आत्याला हे सांगितल्यावर ती उखडली. "आमच्या घरात जंत? आमी काय उकिरड्यार रवतंव?" आमच्याकडे संडास आहे, आहेच. पण लावणीच्या दिवसांत शेतावर आलेलं माणूस, घरचं असो की मजुरीचं, दर वेळी घरापर्यंत चालत येत नाही. आणि ती अळी सावलीच्या मातीत तीन-चार आठवडे सहज तग धरते. स्वयंपाकघर आरशासारखं लख्ख ठेवलं म्हणून शेतातली माती बदलत नाही. पण आपल्याकडे जंत म्हणजे घाण आणि घाण म्हणजे अब्रू, त्यामुळे मोठ्या माणसाच्या बाबतीत हा शब्दच कुणी उच्चारत नाही.

दादाला वाचनाचा शौक आहे, म्हणून त्याला अमेरिकेचं उदाहरण दिलं होतं. तिथल्या दक्षिणेकडच्या गरीब शेतकऱ्यांना बाकीचा देश वर्षानुवर्षं ऐदी म्हणून हिणवायचा. १९०२ मध्ये चार्ल्स स्टाइल्स नावाच्या शास्त्रज्ञाने सांगितलं की यांना हुकवर्म झालाय. वर्तमानपत्रांनी थट्टा केली, 'आळसाचा जंतू सापडला' म्हणून. १९०९ मध्ये रॉकफेलरने दहा लाख डॉलर दिले, गावोगाव तपासणी झाली, तेव्हा तपासलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के लोकांत हा जंत निघाला. म्हणजे एका अख्ख्या प्रदेशाचा स्वभाव म्हणून जे सांगितलं जात होतं, त्यातलं बरंचसं रक्त कमी असणं होतं. दादा म्हणाला, "ती अमेरिका झाली."

आपल्या सरकारचा राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ पासून सुरू आहे, वर्षातून दोनदा, १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट या तारखांच्या आसपास. शाळेत, अंगणवाडीत गोळी चावून खायला लावतात. उपक्रम चांगलाच आहे. पण वय १ ते १९. त्यामुळे जंत हा पोराटोरांचा आजार हा समज आणखी पक्का झाला. विसाव्या वर्षी जंत काय निवृत्त होतात?

वहिनीला डॉक्टरांनी अल्बेंडाझोल ४०० ची गोळी दिली आणि लोह पुन्हा सुरू केलं. घरातल्या सगळ्यांनाही एकेक गोळी दिली. आत्याने तिची तुळशीत पुरली. शिमग्यापर्यंत हिमोग्लोबिन ११.४, पेन्सिल सुटली. गोळीने जंत मरतात, रक्त भरून येत नाही, म्हणून लोह मध्येच सोडायचं नाही. हिमोग्लोबिन ठीक झाल्यावरही दोन-तीन महिने घ्यायचं. आता ती गमबूट घालून शेतात उतरते. गमबूट चिखलात रुततात ही दादाची तक्रार खरी आहे, पण ती काढायचा अधिकार मी त्याला देत नाही.

बाकीचे जंत थोडक्यात. रात्री गुदद्वाराशी खाज सुटत असेल तर सुतासारखे बारीक जंत. ते शीच्या तपासणीत बहुधा सापडत नाहीत, सकाळी अंघोळीआधी त्या जागी सेलोटेप लावून ती स्लाइडवर चिकटवून बघतात. औषध सगळ्या घराला, दोन आठवड्यांनी पुन्हा. शीत चपटे, पांढरे, हलणारे तुकडे दिसले तर पट्टकृमी. तेलकट, घाण वासाची शी आणि गॅस आठवडेच्या आठवडे चालू असेल तर जिआर्डिया असू शकतो. तो किडा नव्हे, एकपेशीय जीव, आणि जंताच्या एका गोळीने जात नाही. लहान मुलाचं पोट फुगलंय, हिरवी उलटी होतेय, शी-वारा बंद आहे, तर तडक हॉस्पिटल. गोलकृमींच्या गुंत्याने आतडं अडतं.

गोळीचं म्हणाल तर साधी, स्वस्त आहे. पण तीन ठिकाणी स्वतःच्या मनाने देऊ नका. दिवस गेल्याची शक्यता असेल तर पहिल्या तीन महिन्यांत नाही. कधी आकडी आली असेल किंवा विचित्र डोकेदुखी असेल तर आधी डॉक्टर, कारण डुकरातल्या पट्टकृमीच्या गाठी मेंदूत असतील तर गोळीनेच आकडी येऊ शकते. "आम्ही शाकाहारी" हे इथे चालत नाही. मेंदूतल्या गाठी मांसातून होत नाहीत, माणसाच्या शीतून भाजीपाल्यावर आलेल्या अंड्यांतून होतात. आणि कुणी स्टिरॉइड घेत असेल किंवा सुरू करणार असेल तर डॉक्टरांना जंतांबद्दल आवर्जून विचारा. स्ट्राँगिलॉइडिस नावाचा एक जंत स्टिरॉइडमुळे अंगभर पसरून जीव घेऊ शकतो, आणि त्याला या गोळीची एक मात्रा पुरत नाही.

हेही सांगायला हवं की थकव्याचं कारण जंतच असेल असं नाही. थायरॉइड, बी-१२, पाळीतला जास्त रक्तस्राव, झोप न मिळणं, काहीही असू शकतं. वहिनीचंही पाळीत बरंच रक्त जायचं, तेही डॉक्टरांनी पाहिलं. तुम्ही मातीशी संबंध नसलेल्या शहरी फ्लॅटमध्ये राहत असाल तर अंकुशकृमीची शक्यता फार कमी. आधी सीबीसी आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) करा, इओसिनोफिलचा आकडा स्वतः वाचा, शंका आली तर तीन ताजी सँपलं. आणि बायको पेन्सिल-बिन्सिल खाते का, हे एकदा चिडवल्यासारखं न करता विचारा.

आत्याच्या मते वहिनी कडू किरायत्याच्या काढ्याने बरी झाली, आणि दादाही हल्ली तेच सांगतो. तो या साइटवर असतो. खाली येऊन त्याने काढा सुचवलाच, तर त्याला आधी श्रावणातला आणि शिमग्यातला असे दोन्ही रिपोर्ट इथे टाकायला सांगा. त्याच्या कपाटात 'अंडी आढळली नाहीत'च्या खालीच आहेत.