दोव्हिलला जाताय? आधी ओहोटीची वेळ बघा

नमस्कार. तुमचा प्रश्न वाचला. जूनअखेरीस पॅरिसमध्ये पाच दिवस, बरोबर सासू-सासरे आणि नऊ वर्षांचा मुलगा. त्यातला एक दिवस दोव्हिलला, म्हणजे फ्रान्सच्या उत्तरेकडच्या नॉर्मंडी प्रांतातल्या समुद्रकाठच्या गावाला द्यावा का, समुद्रात उतरता येईल का, फार महाग पडेल का, आणि सासूबाई शाकाहारी आहेत तर त्या खातील काय. मी चौदा वर्षं त्याच प्रांतातल्या रुआँ शहरात राहते, माहेर हर्णैचं. दोव्हिलला वर्षातून दोन-तीनदा तरी जाणं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जरूर जा. पण जमलं तर एक रात्र राहा, आणि गाडीची तिकिटं काढायच्या आधी त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा बघा. हे दुसरं मी मुद्दाम ठासून सांगतेय, कारण फोटोतल्या रंगीत छत्र्या बघून सगळे जातात आणि हे कुणीच सांगत नाही.

आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा माझे आई-बाबा आले होते. ऑगस्टमधली एक दिवसाची सहल. दुपारी किनाऱ्यावर पोचलो तर समुद्र कुठे दूर, एक चंदेरी रेघ दिसत होती तेवढीच. आई म्हणाली, पाय तरी भिजवून येऊ. निघालो. लाटांनी पाडलेल्या कडक वळ्यांच्या ओल्या वाळूत, मध्येच घोटाभर पाण्याची डबकी, आणि आईचे गुडघे दुखरे. पाण्यापर्यंत पोचेस्तोवर ती दमून गेली. परत येताना पाहिलं तर मघाशी जिथून कोरड्या पायांनी आलो होतो तिथे पाणी शिरलं होतं. बाबांनी वाटेत काढून ठेवलेल्या चपला भिजून चिंब. धोका काही नव्हता, पण आई गाडीत बसेपर्यंत फार बोलली नाही. समुद्राकाठी वाढलेल्या मला वेळ बघायचं सुचू नये, याचं मला आजही वाईट वाटतं.

आपल्याकडे साडेचार-पाच मीटरची भरती म्हटलं की पावसाळ्यात मुंबई सावध होते. इथे मोठ्या उधाणाला पाणी सात मीटरच्या आसपास वरखाली होतं, आणि किनारा जवळजवळ सपाट. त्यामुळे पाणी नुसतं उतरत नाही, काही शे मीटर मागे जातं. फ्रान्समध्ये भरतीच्या जोराला एक आकडा देतात, साधारण २० ते १२० असा. पर्यटन कार्यालयात वेळापत्रक मिळतं, त्यात वेळेशेजारी तो आकडा असतो. पन्नासच्या खाली असेल तर भांगाची, म्हणजे कमी जोराची भरती समजा, नव्वदच्या वर गेला की उधाण. अमावास्या-पौर्णिमेचा हिशेब इथेही तोच, आणि वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते तीही तशीच. तुमच्यासारख्या कुटुंबाने भरतीच्या आधीचे दोन तास धरावेत. पाणी जवळ असतं आणि वृद्धांना चालावं लागत नाही. मुलाला मात्र ओहोटीही दाखवा, कारण त्या डबक्यांत चिमुकले खेकडे आणि लांबट, वस्तऱ्यासारखे शिंपले सापडतात. तो तासभर हलणार नाही.

पाणी थंड आहे. ऑगस्टमध्ये अठरा-एकोणीस अंश, जूनमध्ये त्याहून कमी. फ्रेंच मुलं खुशाल डुंबतात, आपल्या मुलांचे ओठ दहा मिनिटांत निळे पडतात. जीवरक्षकांचा हिरवा झेंडा असेल तेव्हाच, आणि त्यांनी आखून दिलेल्या पट्ट्यातच उतरा. मुलाला मनसोक्त पोहायचंच असेल तर किनाऱ्यालगतच नगरपालिकेचा मोठा तलाव आहे. १९६६ साली रॉजे ताईबेर या वास्तुविशारदाने बांधलेला, छप्पर असलेला, आणि आत समुद्राचंच पाणी गरम करून सोडलेलं.

आता गावाबद्दल. हे गाव वाढत वाढत झालेलं नाही, ठरवून वसवलेलं आहे. फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याचा सावत्र भाऊ द्यूक द मोर्नी याने १८६० च्या सुमाराला तूक नदीच्या मुखाशी दलदल आणि वाळूचे ढीग होते ती जमीन घेऊन आखणी सुरू केली. १८६३ मध्ये रेल्वे आली, १८६४ मध्ये घोड्यांच्या शर्यतींचं मैदान, आणि १८६५ मध्ये मोर्नी वारला. पुढे समुद्र मागे सरकला आणि ज्या बंगल्यांच्या पायाशी लाटा यायच्या, त्यांच्यासमोर मोकळी जमीन पडली. आज कॅसिनो आणि मोठी हॉटेलं यांच्यापासून वाळूपर्यंत बागा आणि टेनिसची मैदानं ओलांडून जावं लागतं, त्याचं कारण हे. नकाशात ‘समुद्राकाठचं हॉटेल’ वाचून हुरळू नका. गावाला पुन्हा बरे दिवस आले ते १९१२ मध्ये कॅसिनो आणि नॉर्मंडी हॉटेल झाल्यावर. पुढच्याच वर्षी फॅशनवाली कोको शॅनेल हिने इथे दुकान थाटलं आणि जर्सीचं मऊ, सैल कापड बायकांच्या अंगावर आणलं. तोवर त्या कापडाचे पुरुषांचे आतले कपडे व्हायचे.

कपड्यांचं तुम्ही विचारलंत. कुणी कुणाकडे बघत नाही. चांगला सुती ड्रेस, पायात सपाट चपला, आणि एक वारा अडवणारं जॅकेट, बस. जूनमध्येही संध्याकाळी ते लागतंच.

किनाऱ्याचा जीव म्हणजे ‘ले प्लांश’, फळ्यांची पायवाट. १९२३ मधली, ६४३ मीटर लांब, अझोबे नावाच्या पक्क्या आफ्रिकी लाकडाची. तुमच्या सासऱ्यांना ही फार आवडेल, कारण वाळूत पाय न रुतता समुद्राशेजारून चालता येतं आणि जागोजागी बसता येतं. एका बाजूला कपडे बदलायच्या खोल्या, आणि त्यांच्या दारांमधल्या कठड्यांवर अमेरिकन नटनट्यांची नावं. १९७५ पासून इथे दर सप्टेंबरात अमेरिकन चित्रपटांचा महोत्सव भरतो, त्याची ती आठवण. पण मला नावांपेक्षा सकाळ आवडते. आठच्या सुमाराला जा. लाल, निळ्या, हिरव्या, पिवळ्या, केशरी छत्र्या तेव्हा मिटलेल्या असतात, कमरेशी दोरीने आवळून बांधलेल्या, कापडाचा घोळ खाली परकरासारखा सुटलेला. रात्री पाऊस झाला असेल तर फळ्या काळपट दिसतात, आणि फटींतून खालची वाळू कोरडीच असते. ओहोटी असेल तर दूर पाण्याच्या कडेने घोडे दौडताना दिसतात. हे दृश्य दिवसाच्या सहलीत मिळत नाही, म्हणून म्हणते राहा.

महागाईचं म्हणाल तर वाळूवर जायला पैसे पडत नाहीत, छत्री आणि आरामखुर्ची भाड्याने घ्यावी लागते. हॉटेल मात्र नदीपलीकडे त्रूव्हिलला घ्या. तिथे तुलनेने स्वस्त पडतं, आणि खरं सांगायचं तर जीव तिथेच जास्त रमतो. दोन्ही गावांचं स्टेशन एकच. पॅरिसच्या सँ-लाझार स्टेशनहून थेट गाडी दोन-सव्वादोन तासांत पोचते. काही गाड्यांना लिझिएला बदलावं लागतं, वृद्ध बरोबर असताना ते टाळा. शनिवार-रविवार नकोच. दोव्हिलला पॅरिसचा एकविसावा विभाग म्हणतात ते उगीच नाही, वीस विभागांतले लोक तेव्हा इथेच असतात.

त्रूव्हिल मूळचं कोळ्यांचं गाव. मासळीबाजारात गेले की मला हर्णैच्या बंदरावरचा लिलाव आठवतो, फक्त इथे आरडाओरडा नाही. बांगड्याचा इथला भाऊबंद मिळतो, करड्या रंगाची बारीक कोळंबी मिळते, आणि तिथेच उभ्याने खाता येतं. सँ-जाक हा प्रसिद्ध शिंपला जूनमध्ये मागू नका. तो धरायला ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंतच परवानगी असते, आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै होड्या बंद ठेवतात तसंच हे. याच वाळूवर १८७० च्या उन्हाळ्यात चित्रकार मोने चित्रं काढत बसला होता. त्यातलं एक लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे आणि त्याच्या रंगात इथली वाळू अडकलेली आहे, वाऱ्याने उडून ओल्या रंगावर बसलेली. वारा आजही तसाच आहे, पोळी-भाजीचा डबा उघडाल तर पाठ समुद्राकडे करून उघडा.

सासूबाईंसाठी ‘गालेत’ मागा. कुट्टूच्या पिठाचं मोठं घावन, शेजारच्या ब्रतान्य प्रांतातलं, पण इथेही सगळीकडे मिळतं. ‘काँप्लेत’ म्हटलं की त्यात हॅम आणि अंडं येतं, म्हणून फक्त चीज आणि मशरूम असं स्पष्ट सांगा. एक गोष्ट मात्र त्यांना आधीच सांगून ठेवा: कामांबेर, लिव्हारो, पाँ-लेव्हेक ही इथली पारंपरिक चीजं वासराच्या जठरातल्या विरजणाने लावतात. काहींना ते चालतं, काहींना नाही, निर्णय त्यांचा. निश्चिंतपणे खाता येईल असं म्हणजे ‘तर्गूल’. तांदूळ, सायीचं दूध, साखर आणि दालचिनी मातीच्या भांड्यात घालून मंद भट्टीत पाच-सहा तास ठेवतात. वर जाड तपकिरी साय धरते, ती चमच्याने फोडली की खाली आपली खीर, फक्त आटून घट्ट झालेली. माझ्या आईने दुसऱ्या खेपेला दोन वाट्या खाल्ल्या आणि रीत लिहून घेतली.

दुसऱ्या महायुद्धात दोस्तांचं सैन्य उतरलं ते किनारे इथून पश्चिमेला, उइस्त्रॅआम गावाच्या पुढे सुरू होतात. ते याच दोन दिवसांत कोंबू नका. त्यापेक्षा ओनफ्लर हे बंदराचं गाव जवळ आहे, बसने जाता येतं.

जूनअखेरीस सूर्य रात्री दहानंतर मावळतो, आणि तो इथे समुद्रावरच मावळतो. त्यामुळे संध्याकाळच्या भरतीचा दिवस मिळाला तर जेवण लवकर उरका आणि फळ्यांवर जाऊन बसा. तारखा पक्क्या झाल्या की इथेच लिहा. त्या दोन दिवसांच्या वेळा आणि आकडे बघून कुठली गाडी घ्यायची ते मी कळवते.