सेंटरपिन निवडताना ड्रम किती वेळ फिरतो यापेक्षा तो किती सहज सुटतो ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजवर फिक्स्ड-स्पूल रीलवर (ज्याची फिरकी स्थिर असते आणि दोरा तिच्या कडेवरून सुटतो) नदीत फ्लोट, म्हणजे गळाचं तरंगणारं बोंड, सोडत आलात, आता पहिलं सेंटरपिन, म्हणजे आसावर मोकळा फिरणारा ड्रम असलेलं साधं रील, घ्यायचं आहे. पाहिलेल्या दोन रीलपैकी एकाचा ड्रम बोटाने ढकलला की तीन मिनिटं फिरत राहतो, दुसऱ्याचा जेमतेम मिनिटभर. मग पहिलंच घ्यावं का? शिवाय ड्रम बुशवर (आसावरच्या साध्या नळीवर) फिरणारा घ्यावा की बेअरिंगवर (छोट्या गोळ्यांवर), आणि व्यास किती असावा?

त्या तीन मिनिटांवर भुलू नका. माझं पहिलं सेंटरपिन मी असंच टेबलावर फिरवून, घड्याळ लावून निवडलं होतं. जाड कडेचा, भरभक्कम ड्रम होता. फिरायला लागला की थांबायचं नाव घेत नसे. संथ वाहणाऱ्या, कमरेएवढ्या पाण्यात ३ ग्रॅमचा फ्लोट सोडला की मात्र ड्रम उशिरा जागा व्हायचा. तोवर दोरा ताणला जायचा, फ्लोट आपल्या रेषेतून काठाकडे सरकायचा आणि आमिष तळापासून वर उचललं जायचं. एकदा ड्रमने वेग घेतला की उलटी अडचण. पुढे धार मंदावली तरी तो आपल्याच गतीने दोरा सोडत राहायचा आणि रीलखाली ढिल्या दोऱ्याचा झुपका जमायचा. तो अख्खा हंगाम मी माझ्या हातालाच दोष देत होतो.

यात दोन गोष्टींची गल्लत होते. ड्रम किती वेळ फिरतो हे घर्षणावर ठरतं तसंच ड्रमच्या वजनावरही, त्यातही ते वजन कडेला किती आहे त्यावर. एकाच प्रतीचं बेअरिंग दोन ड्रमांत बसवलं तर जड कडेचा जास्त वेळ फिरेल, पण तोच सुरू व्हायला आणि थांबायलाही जास्त जोर मागेल. नदीत तुमचा फ्लोट ड्रमला जोरात ढकलत नसतो. तो हळूच, सतत ओढत असतो. तेवढ्या ओढीला ड्रम निमूट सुटला पाहिजे आणि अंगठा टेकताच थांबला पाहिजे. मिनिटभर फिरणारा हलका ड्रम हे काम तीन मिनिटं फिरणाऱ्या जड ड्रमपेक्षा कितीतरी चांगलं करू शकतो.

याची परीक्षा सोपी आहे. रील रॉडवर चढवा, दोरा सगळ्या कड्यांतून ओवा, रॉड आडवा धरा आणि टोकाला वजनाचे छर्रे लावून ड्रम स्थिर करून सोडून द्या. ०.४ ग्रॅमच्या बीबी छर्ऱ्याने सुरुवात करा, एकेक वाढवत जा. किती छर्ऱ्यांना ड्रम आपणहून सुटतो ते मोजा. दोन्ही रील एकाच रॉडवर, एकाच दोऱ्याने तपासा. कमी वजनाला सुटणारं रील घ्या. पाण्याची ओढ आणि लटकतं वजन एकच नसतं हे खरं, पण तुलनेसाठी ही परीक्षा घड्याळापेक्षा खूप प्रामाणिक आहे.

इतका आग्रह का, तर सेंटरपिन वापरण्याचं सगळं मर्म या सुटण्यातच आहे. नदीचं पाणी वर वेगाने आणि तळाशी सावकाश वाहतं. फ्लोट मोकळा सोडला तर तो वरच्या वेगाने पळतो आणि आमिषाला मागून फरफटत नेतो. अंगठ्याने ड्रमच्या कडेला किंचित दाब दिला की फ्लोट जरा मागे राहतो, आमिष पुढे होतं आणि तळाच्या वेगाने तरंगत जातं. चब असो, बार्बेल असो की ग्रेलिंग, माशाला ते वाहत आलेल्या खाद्यासारखं दिसतं. फिक्स्ड-स्पूलवर हेच करायला बेल (दोरा अडवणारी तारेची कडी) उघडी ठेवून बोटाने दोरा अडवत राहावं लागतं, आणि फ्लोट बुडाला की आधी दोरा पकडा, मग हिसका द्या, मग बेल मिटा. सेंटरपिनवर अंगठा आधीपासून कडेवरच असतो. तो दाबायचा आणि रॉड उचलायचा, बस्स. पतंगाला ढील देताना फिरकी धरणाऱ्याच्या तळव्याला मांजाची ओढ कळते ना, तशीच इथे अंगठ्याला नदीची धार कळायला लागते. ते एकदा कळलं की दुसरं रील हातात घ्यावंसं वाटत नाही.

आता बुश की बेअरिंग. पहिलंच रील असेल तर बेअरिंगचं घ्या. जुन्या धाटणीच्या सेंटरपिनमध्ये ड्रम निमुळत्या पोलादी आसावर बुशमध्ये फिरतो, आणि नीट जुळवला तर अप्रतिम सुटतो. पण वाळूचा कण, घट्ट झालेलं तेल किंवा किंचित वाकलेला आस त्याला लगेच जाणवतो. बेअरिंग जास्त सोसतं. मात्र नव्या बेअरिंगमध्ये गंज टाळायला पुष्कळदा ग्रीस भरलेलं असतं आणि त्याने नवं रील मंद वाटतं. तसं असेल तर बेअरिंग व्हाइट स्पिरिटने धुऊन, पूर्ण वाळवून पातळ तेलाचा एकच थेंब सोडा. तुमचं ते मिनिटभर फिरणारं रील कदाचित एवढ्यानेच खुलेल.

बुशवाल्या पिनची ओढ मला कळते, कारण त्यांचा वारसाच तसा आहे. हा सगळा प्रकार इंग्लंडमधल्या ट्रेंट नदीकाठच्या नॉटिंगहॅमचा. तिथे आधी लाकडी ड्रमची रीलं होती. मग नॉटिंगहॅमच्याच हेन्री कॉक्सन यांच्या कल्पनेतून सायकलच्या चाकासारखे आरे असलेला हलका ड्रम आला, आणि रेडिच गावच्या ऑलकॉक कंपनीने तो ‘एरियल’ या नावाने बाजारात आणला. ही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची गोष्ट. मला त्यात मोलाचं वाटतं ते हे की त्या लोकांनी वजन काढून टाकलं. १९०५ साली इलिंगवर्थ यांनी फिक्स्ड-स्पूलचं पेटंट घेतलं आणि पुढे बहुतेक जग तिकडे वळलं, पण वाहत्या पाण्यात फ्लोट सोडण्यासाठी ती आऱ्यांची युक्ती अजून मागे पडलेली नाही.

जुनं रील मिळत असेल तर ड्रम सावकाश फिरवून कड डोळ्यांसमोर धरा. डुलताना दिसली तर आस किंवा ड्रम वाकलेला आहे, सोडून द्या. ड्रम आणि मागची पट्टी यांच्यातली फटही बघा. बारीक तंगूस त्यात शिरला की तिथेच चिरडतो.

व्यासाचं म्हणाल तर ४ ते ४.५ इंच. सेंटरपिनला गिअर नसतात, हँडलचा एक फेरा म्हणजे ड्रमचा एकच फेरा. दोऱ्याच्या थराचा व्यास ४ इंच धरला तर फेऱ्याला साधारण ३२ सेंटिमीटर दोरा येतो, म्हणजे २५ मीटरवरचा फ्लोट परत आणायला ७८ फेरे. थर ३ इंचांचा असेल तर शंभरावर. दिवसभरात हे कितीदा करायचं ते आठवा. पाच इंचीही मिळतात, उत्तर अमेरिकेत स्टीलहेड या ट्राउट जातीच्या माशासाठी मोठ्या ड्रमकडे कल आहे, पण व्यासाबरोबर कडेचं वजनही वाढतं, म्हणून पुन्हा छर्रे लावून बघाच.

ड्रम अरुंद हवा, दोन-सव्वादोन सेंटिमीटर पुरे. रुंद ड्रमवर दोरा आडवातिडवा पसरतो आणि वरची वेटोळी खालच्यांत रुततात. मग फ्लोट छान चाललेला असताना मध्येच झटका बसतो. त्यासाठीच ड्रम काठोकाठ भरू नका. खाली जुना दोरा भरावाला आणि वर शंभरेक मीटर कामाचा तंगूस, ०.१८ ते ०.२२ मिलिमीटर जाडीचा, पाण्यावर तरंगणारा. गुंडाळताना दोन बोटांच्या चिमटीतून ताण देत समान थर द्या. पुढे नदीवर भराभर दोरा गोळा करतानाही ही चिमटी सोडू नका.

लाइन गार्ड असलेलं घ्या, वाऱ्यात दोरा हँडलांना अडकत नाही. रॅचेटची (ड्रम अडवणाऱ्या खटक्याची) कळ घट्ट हवी, चुकून लागणारी नको. ड्रॅगची (मासा ओढताना दोऱ्याला ब्रेक लावणारी) यंत्रणा नसली तरी अडत नाही, ते काम अंगठ्याचं आहे.

त्या अंगठ्याबद्दल एक गोष्ट मात्र विकत घेण्याआधीच पाहा. तुमच्या रॉडवर, तुमच्या नेहमीच्या पकडीत, मनगट न वळवता अंगठा ड्रमच्या कडेवर टेकतो का? टेकत नसेल तर रील पुढेमागे सरकवून बघा. तरीही ओढून न्यावा लागत असेल तर ते रील कितीही सुरेख असो, तुमच्यासाठी नाही. तास-दोन तासांत तळहात दुखायला लागतो आणि मग आपण नकळत अंगठा उचलतो. नेमका तेव्हाच फ्लोट बुडतो.

फेकायची काळजी आत्ताच करू नका. ड्रममधून थेट दोरा सोडत लांब फेकायची वॉलिस पद्धत सुरेख आहे, पण ती सवडीने शिका. सुरुवातीला रॉडच्या कड्यांमधून दोऱ्याचे एक-दोन फास ओढून हातात धरा आणि फ्लोट झुलवून सोडताना तेही सोडा. काठाजवळच्या धारेसाठी एवढं पुरतं, पुढचं अंतर नदीच कापते.

तुमच्या नदीची धार साधारण कशी आहे आणि सर्वांत हलका फ्लोट किती ग्रॅमचा वापरता ते लिहा. ४ ग्रॅमच्या खाली जात असाल तर त्या दोन रीलपैकी मी आजच मिनिटभर फिरणाऱ्याकडे झुकेन, पण छर्ऱ्यांची परीक्षा करून आकडे कळवलेत तर नक्की सांगता येईल.