लाउंज चेअरला मॅच होणारं डिझायनर फूटस्टूल कुठलं घ्यावं? (बावधनचा फ्लॅट, टॅन लेदर, अक्रोडी व्हेनियर)

तुम्ही लिहिलंय की खुर्ची घेऊन दोन महिने झाले आणि त्याच टॅन रंगाचं फूटस्टूल कुठेच मिळत नाहीये. माझं ऐका, रंगाचा नाद आत्ता बाजूला ठेवा आणि आधी उंची मोजा. हे कळकळीने सांगतोय कारण आमच्याकडे नेमकं हेच चुकलं होतं.

बाबांच्या गुडघ्यांसाठी मी लाउंज चेअर घेतली आणि वेगळ्या दुकानातून तिला शोभेल अशी पफी आणली, रंग इतका जुळला की आई म्हणाली सेटच वाटतोय. पण पफी १८ इंच उंच होती आणि बाबा बसले की खुर्चीची बैठक दबून पुढची कड १५ इंचांवर यायची, त्यामुळे पफीची कड बरोबर पोटरीत रुतायची आणि पंधरा मिनिटांत पायाला मुंग्या. ते काही बोलले नाहीत, नुसते पाय खाली घेऊन बसायला लागले, ते बघून माझ्या लक्षात आलं. शेवटी सुतारकाकांकडून पफीचे लाकडी पाय ३ इंच कापून घेतले, आणि आता दुपारी पेपर तोंडावर घेऊन तिथेच झोपतात.

तर मोजायचं कसं, जो रोज बसणार त्यालाच मागे टेकून बसवा आणि दुसऱ्याने टेप लावून जमिनीपासून बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंतचं माप घ्यायचं. रिकाम्या खुर्चीचं माप उपयोगाचं नाही. मागे झुकलेल्या खुर्चीला फूटस्टूल साधारण तेवढंच हवं, बोटभर इकडेतिकडे चालतं. सरळ पाठीच्या खुर्चीला इंच दीड इंच कमी बरं. रुंदी बैठकीएवढी किंवा थोडी कमी.

आता मॅचिंगचं. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याची १९५६ ची, हर्मन मिलर कंपनीची लाउंज चेअर फोटोत बघा, तुमची बहुतेक त्याच वळणाची असणार. त्यात खुर्चीचा बेस पाच पायांचा आहे आणि ओटोमनचा, म्हणजे तिच्या फूटस्टूलचा, चार पायांचा, तरी जोडी एकच वाटते, कारण वाकवलेला प्लाय आणि लेदरची उशी दोन्हीकडे तीच आहे. म्हणजे सगळं सेम लागत नाही, एकदोन गोष्टी पक्क्या जुळल्या की झालं. तुमच्या केसमध्ये मी लाकूड जुळवीन, त्याच अक्रोडी व्हेनियरचा (वर चिकटवतात त्या लाकडाच्या पातळ थराचा) तुकडा सॅम्पल म्हणून घेऊन पुण्यात भवानी पेठेत टिंबर मार्केटला जा, आणि वरचं कापड मुद्दाम वेगळं घ्या, जाड खादी किंवा राखाडी लोकरी. जवळपास सारखा टॅन अजिबात नको, दुसऱ्या लॉटचं लेदर उजेडात लगेच वेगळं दिसतं आणि वापराने दोन्ही वेगवेगळी गडद होतात. शिवाय पावसाळ्यात बंद फ्लॅटमध्ये लेदरला बुरशी धरते, ते एका खुर्चीचं पुसणं पुरे आहे हो.

कव्हरला खालून चेन लावून घ्या, पाय ठेवायची जागा आहे, मळणारच. फोम ४० डेन्सिटीचा सांगा, हलका फोम लवकर बसतो. आणि पायांखाली रबरी बुश विसरू नका, व्हिट्रिफाइड टाइल्सवर पाय टेकवून उठायला गेलं की स्टूल सटकतं, घरात वयस्कर माणूस असेल तर हे आधी बघा.