कमरेला उघड पिस्तूल लावायचं तर होल्स्टर कोणतं घ्यावं?

तुम्ही विचारलंय की ॲरिझोनात नवीन आहे, ग्लॉक १९ पिस्तूल घेतलंय, कमरेला उघडं लावून फिरायचं तर २५ डॉलरचं होल्स्टर (पट्ट्याला अडकवायचं पिस्तुलाचं म्यान) चालेल का. नाही चालणार. मी चालवून बघितलंय म्हणून सांगतो.

त्याआधी एक. एच-वन-बी व्हिसावर असाल तर होल्स्टरचा विषयच सोडा, नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला फेडरल कायद्याने पिस्तूल बाळगताच येत नाही, शिकारीच्या लायसन्ससारखे थोडे अपवाद आहेत पण त्यासाठी आधी वकील गाठा. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. मी स्वतः सिटिझन झाल्यावर घेतलं. ॲरिझोनात उघड बाळगायला परमिट लागत नाही, आणि २०१० पासून २१ वर्षांवरच्यांना लपवून बाळगायलाही लागत नाही, त्यामुळे इथे कोणी तुम्हाला शिकायला बसवत नाही, आपलं आपणच शिकायचं.

तर माझी गोष्ट. पिस्तुलावर साडेपाचशे डॉलर घातले आणि होल्स्टरच्या वेळी नेमकी आपली काटकसर जागी झाली, 'सगळ्या पिस्तुलांना बसतं' असं लिहिलेलं नायलॉनचं मऊ पाकीट उचललं, वरून नुसती एक बटणाची पट्टी. दोन आठवड्यांनी इंडियन ग्रोसरीत तांदळाची २० पौंडांची पिशवी उचलायला वाकलो आणि पिस्तूल सरकून थेट फरशीवर. माझा हात आपोआप झेलायला गेला पण पोचला नाही, आणि तेच बरं झालं, कारण हल्लीची चांगली पिस्तुलं नुसती पडली म्हणून उडू नयेत अशीच बनवतात, पण पडताना झेलायला गेलात आणि बोट ट्रिगरवर गेलं तर गोळी सुटणारच. पडू द्यायचं. मग सावकाश उचलायचं. शेजारच्या काकूंचं 'अगं बाई!' अजून कानात आहे, त्या दुकानात परत जायला मला सहा महिने लागले.

आता मुद्द्याचं. लपवून लावलं की कोणाला माहीतच नसतं. उघडं लावलं की बिलाच्या रांगेत मागे उभ्या असलेल्या माणसाला ते दिसतं आणि त्याचा हात तिथून दोन फुटांवर असतो. म्हणून उघड लावणाऱ्याने होल्स्टरमधून पिस्तूल किती झटकन निघतं हे नंतर बघायचं, दुसऱ्याला काढता येतं का हे आधी. याला रिटेन्शन म्हणतात. लेव्हल १ म्हणजे साधारण नुसती घट्ट पकड, लेव्हल २ मध्ये वर एक लॉक, लेव्हल ३ मध्ये दोन. प्रत्येक कंपनी हे आपल्या सोयीने मोजते, तेव्हा डब्यावरचा आकडा सोडा आणि पिस्तूल बाहेर यायला वेगवेगळ्या किती हालचाली लागतात ते मोजा. पोलिसांकडे बऱ्याचदा सफारीलँड कंपनीचं लेव्हल ३ दिसतं, त्यात अंगठ्याने वरचा हूड (पिस्तूल अडवणारी कमान) फिरवून आतला खटका सोडावा लागतो. आपल्याला लेव्हल २ पुरतं, पण अंगठ्याने सुटणारं घ्या. तर्जनीने बटण दाबायची जी होल्स्टर येतात ती मी कोणालाच सुचवत नाही, घाईत बटण दाबत दाबत पिस्तूल ओढलं की तेच बोट सरळ ट्रिगरवर येऊन बसतं, असे स्वतःच्याच मांडीत गोळी घालून घेतलेले लोक आहेत. शंभर-दीडशे डॉलर जातील. जाऊ द्या.

होल्स्टर तुमच्याच मॉडेलचं हवं, कडक, कायडेक्स किंवा तसंच प्लास्टिक, आणि ट्रिगर पूर्ण झाकलेला. पुढे टॉर्च लावणार असाल तर त्या टॉर्चसकट बसणारं, आणि अशा होल्स्टरचं तोंड रुंद असतं म्हणून वरून बोट ट्रिगरपर्यंत जातंय का ते (पिस्तूल रिकामं करून, दोनदा तपासून) बघा. चामडं दिसतं झकास, पण जुनं होऊन मऊ पडलं की काठ आत दुमडतो आणि पिस्तूल परत ठेवताना ट्रिगर दाबू शकतो.

पट्ट्याकडे सगळे दुर्लक्ष करतात. भरलेलं ग्लॉक १९ साधारण ८५० ग्रॅम, ऑफिसच्या पट्ट्यावर ते लोंबतं, मग माणूस सारखा हात लावून वर ओढत बसतो आणि बघणाऱ्याला वाटतं हा आता काढतोय. दीड इंची, आतून कडक पट्टा घ्या, होल्स्टरचे लूपही दीड इंचीच. जागा उजव्या कमरेवर, हाडाच्या किंचित मागे, म्हणजे कोपर सहज त्यावर टेकतं. पाठीच्या मधोमध अजिबात नको, दिसत नाही, राखता येत नाही आणि पडलात तर मणक्यावर. मांडीवर बांधायचं वगैरे मॉलमध्ये शोभत नाही.

विकत आणलं आणि निघालं असं करू नका. गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून रिकाम्या पिस्तुलाने दोन-तीनशे वेळा काढा-ठेवा. काढण्यापेक्षा ठेवताना अपघात होतात, जॅकेटची दोरी किंवा शर्टाचं टोक आत जातं. खाली बघून हळूच ठेवायचं, जरा अडलं की थांबायचं, दाबायचं नाही.

आणि हो, ॲरिझोनात जिथे बसून दारू पितात अशा ठिकाणी उघडं पिस्तूल चालत नाही, तुम्ही नुसतं जेवायला गेला असाल तरी. शाळेत नाही, मतदान केंद्रातही नाही.

राहिला प्रश्न टॉयलेटचा, जो लाजून कोणी विचारत नाही. पिस्तूल हुकला अडकवायचं नाही, कागदाच्या डब्यावर ठेवायचं नाही, लोक विसरून निघून जातात. ते होल्स्टरमध्येच राहू द्या. मी पँट गुडघ्यांपाशी थांबवून पट्टा तिथेच परत बांधतो, नाहीतर वजनाने सगळं शेजारच्या खोपटात डोकावतं.