सारांशाचं पहिलं पान, पण लिहायचं शेवटी

"सर, प्रकल्प अहवाल चाळीस पानांचा झालाय. बँक म्हणते, वर एका पानाचा सारांश जोडा. काय ठेवू आणि काय गाळू?" ही अडचण घेऊन येणारे बरेच असतात. त्यातल्याच तासगाव भागातल्या एक ताई (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत). बेदाण्याची प्रतवारी करून पाव-अर्ध्या किलोची पाकिटं विकायचा त्यांचा बेत होता.

त्यांनी लिहून आणलेला निम्मा सारांश सांगली जिल्ह्यातली द्राक्षशेती आणि बेदाण्याचे आरोग्याला फायदे यांतच संपला होता. कर्ज किती हवं, ते अगदी तळाला. तासगावच्या शाखेतल्या साहेबांना बेदाणा काय सांगायचा?

मी म्हटलं, "ताई, अहवाल बाजूला ठेवा, तोंडी सांगा. एकूण खर्च किती, तुमचे किती, बँकेचे किती, हप्ता कशातून फेडणार, एवढंच बँक विचारते."

यंत्रं आणि शेड मिळून १२ लाख, त्यात स्वतःचे २ लाख. पीएमएफएमई या छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेचं ३५ टक्के अनुदान त्यांनी पहिल्याच वर्षी हप्त्यांत वळतं केलं होतं. ते तसं हातात येत नाही. बँकेकडे राखून ठेवतात, तीन वर्षं कर्जखातं नीट चाललं आणि उद्योग सुरू असला तरच कर्जात वळतं होतं.

"माल कधी घेणार?"

"फेब्रुवारी ते एप्रिल. नवा बेदाणा तेव्हाच येतो."

"किती? आणि संपणार कधी?"

"आठ टन. दिवाळीपर्यंत."

दीडशे रुपये किलोनं धरला तरी १२ लाखांचा माल, वर शीतगृहाचं भाडं. अहवालात खेळतं भांडवल, म्हणजे माल घ्यायला आणि रोजच्या खर्चाला लागणारा पैसा, होतं दीड लाख! चाळीस पानांत ही गोष्ट कुणाच्या नजरेला आली नव्हती, सीएच्याही नाही.

म्हणून मी सारांश सगळ्यात शेवटी लिहायला सांगतो, आणि त्यात न बसणारा आकडा दिसला की आधी अहवाल दुरुस्त करायला लावतो. ताईंनी आठाचे पाच टन केले, खेळत्या भांडवलासाठी कॅश क्रेडिट (ठरलेल्या मर्यादेत लागेल तसं काढायचं आणि भरायचं कर्ज) वेगळं मागितलं. नव्या सारांशाची पहिली ओळ कर्जाच्या रकमेची होती, दुसरी माल घ्यायला तयार असलेल्या दुकानदारांची. द्राक्षशेतीचा इतिहास गेला. 'महिलांना रोजगार' मात्र त्यांनी हट्टानं ठेवलं, पण किती जणी आणि किती मजुरी, हे लिहून.