स्फोट, रसायनगळती, इमारत कोसळणे अशा मानवनिर्मित आपत्तींत रोबोट बचाव पथकाला खरंच उपयोगी पडतात, की ते फक्त प्रात्यक्षिकापुरते? आणि उद्या माणसांची गरजच उरणार नाही का?

'फक्त प्रात्यक्षिकापुरते' एवढं वाचलं आणि लिहायला बसलो. मी अग्निशमन दलात आहे, आमच्याकडचा रोबोट चालवतो आणि नेमकं हेच वाक्य माझ्या एका वरिष्ठांकडून वर्षानुवर्षं ऐकत आलोय. त्यामुळे उत्तर लांबेल.

उपयोगी पडतात. फक्त लोकांच्या डोळ्यांसमोर असतं तसे नाहीत. ढिगारा उपसून जखमीला उचलून आणणारं यंत्र मी तरी अजून कामाच्या जागी पाहिलेलं नाही. रोबोटचं काम त्याच्या आधीचं आहे. तो पहिला आत जातो आणि आत काय आहे ते दाखवतो: काय तापलंय, काय गळतंय, छत कुठे लोंबतंय. मग माणूस पाठवायचा का आणि कुठल्या बाजूने, हे बाहेरचा अधिकारी बघून ठरवू शकतो. बॉम्बशोधक पथकांना हे कधीच पटलं. १९७२ साली ब्रिटिश लष्करातल्या लेफ्टनंट कर्नल पीटर मिलर यांनी उत्तर आयर्लंडमध्ये गाड्यांत पेरल्या जाणाऱ्या बॉम्बसाठी 'व्हीलबॅरो' हे यंत्र तयार केलं. तेव्हापासून बॉम्बजवळ आधी यंत्र जातं आणि त्याला कुणी भित्रेपणा म्हणत नाही. आगीच्या आणि गळतीच्या ठिकाणी मात्र पहिला जवानच गेला पाहिजे, हा हट्ट अजून गेलेला नाही. माझं भांडण त्या हट्टाशी आहे.

एकदा रसायनांच्या गोदामाला आग लागल्याची वर्दी आली. आम्ही पोचलो तोवर पुढच्या भागातल्या ज्वाळा आधी आलेल्या बंबाने आटोक्यात आणल्या होत्या. पण आत धूर कोंडलेला आणि मागे काय धुमसतंय ते कळायला मार्ग नाही. गोदामाचा माणूस सांगत होता, एक कामगार आत राहिलाय, बहुतेक डावीकडे, पोटमाळ्याखाली. कुठली पिंपं कुठे आहेत त्याची यादी मागितली तर ती ऑफिसात, आणि ऑफिस त्याच पोटमाळ्यावर. दोन पोरं बीए सेट (पाठीवरचं श्वसनयंत्र) चढवून तयार होती. साहेब म्हणाले, "सोडा त्यांना डावीकडून."

मी म्हटलं, "साहेब, आधी रोबोट जाऊ द्या."

"अरे, तुझं ते खेळणं सुरू होईस्तोवर पोरं आत जाऊन येतील."

रोबोट मी आल्या आल्या गाडीतून उतरवून घेतला होता, गॅस डिटेक्टरचं रीडिंगही बघून ठेवलं होतं. यंत्र सुरूच आहे असं सांगितल्यावर साहेब "लवकर कर" एवढंच म्हणाले.

आमचं यंत्र पट्ट्यांवर चालणारं, गुडघ्याएवढ्या उंचीचं. पुढे साधा कॅमेरा, उष्णता दाखवणारा थर्मल कॅमेरा आणि माइक, पाठीवर बांधलेला गॅस डिटेक्टर, मागे केबल. लोखंडी रॅक आणि जाड भिंती असल्या की वायरलेस कधी दगा देईल सांगता येत नाही, म्हणून अशा जागी मी केबलच लावतो. मी जॉयस्टिकवर, एक पोरगा रिळावरून केबल सोडतोय आणि माझ्या शेजारी तिसरा, हेडफोन लावून. त्याचं काम फक्त बघायचं आणि ऐकायचं.

धुरात रोबोट बसका असल्याचा मोठा फायदा होतो. गरम धूर वर चढतो, जमिनीलगतचा थर त्यातल्या त्यात मोकळा राहतो आणि रोबोटचा कॅमेरा त्याच थरात असतो. उभ्या माणसाला स्वतःचा हात दिसला नसता तिथे आम्हाला ओली फरशी, फुटलेल्या गोण्या, पिंपांचे तळ दिसत होते. थर्मलवर डावीकडची पिंपांची रांग पांढरीफट्ट, म्हणजे चांगलीच तापलेली. एकाचं झाकण फुगून वर आलेलं. कॅमेरा वर फिरवला तर पोटमाळ्याची लोखंडी तुळई मधोमध वाकलेली. पोरं जाणार होती ती बरोबर तिच्याखालून.

तेवढ्यात शेजारचा म्हणाला, "थांब. पट्टे थांबव." मी थांबवले. नुसतं पाणी गळत होतं. मग पाण्याच्या आवाजातून पत्र्यावर ठोके. तीन ठोके, खंड, पुन्हा तीन. रोबोटचं तोंड डावीकडे नेलं की आवाज मंद व्हायचा, मागच्या भिंतीकडे वळवलं की स्पष्ट. हातपाय धुवायच्या मोरीला पत्र्याचं दार होतं, तो त्याच्यामागे होता.

पुढचं काम माणसांनी केलं. मागून भिंत फोडली आणि त्याला बाहेर काढलं. दाराच्या फटीत त्याने ओला शर्ट कोंबला होता, तेवढ्यावर तो तगला. भिंत फुटत असताना मी रोबोट परत आणला नाही. कॅमेरा तुळईवर लावून तिथेच ठेवला, म्हणजे ती हलली तर मागच्या पोरांना वॉकीटॉकीवर सांगता येईल. ती खरंच हलली. मी ओरडलो तोवर कामगाराला घेऊन सगळे बाहेर पडले होते. पोटमाळा यादीसकट, ऑफिससकट खाली आला आणि आमचा स्क्रीन काळा झाला.

काही दिवसांनी मला पत्र आलं: यंत्राच्या नुकसानीबाबत लेखी खुलासा करावा. आणि साहेब म्हणाले, "शेवटी भिंतच फोडायची होती, तर यंत्र आत घातलंस कशाला?"

कुठली भिंत फोडायची ते त्या यंत्राने सांगितलं, साहेब. मी हे तेव्हाही म्हटलं होतं.

फुकुशिमाचं उदाहरण मी त्या खुलाशात दिलं होतं. त्सुनामी निसर्गाची, पण अणुभट्टीचा अपघात माणसाने ओढवलेला होता, असं जपानी संसदेच्या चौकशी आयोगाने २०१२ साली स्पष्ट लिहिलं. रोबोटसाठी जगात नावाजलेल्या त्या देशाकडे ऐन वेळी प्रकल्पात पाठवायला तयार यंत्र नव्हतं. एप्रिल २०११ मध्ये भट्टीच्या इमारतींत पहिले शिरले ते अमेरिकन 'पॅकबॉट'. नंतर जपानी 'क्विन्स' आला. तो जिने चढून आतलं चित्र आणि किरणोत्साराचे आकडे आणत राहिला आणि ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या क्रमांकाच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर केबल अडकून तिथेच राहिला. माणूस तिथे अडकला असता तर? यंत्र घ्यायचं ते अशा जागी गमवायची तयारी ठेवूनच. जे गमावायची भीती वाटते, ते कपाटातून कधी बाहेरच निघत नाही.

याच्या उलटं काय होतं ते १९८६ साली चेर्नोबिलला दिसलं. अणुभट्टी फुटून छतावर पडलेला किरणोत्सारी ग्रॅफाइट ढकलायला आधी यंत्रंच चढवली होती. चंद्रावरच्या लुनोखोद गाडीवरून बेतलेल्या एसटीआर-१ ने काही काम केलं. पश्चिम जर्मनीहून आणलेला 'जोकर' मात्र जवळजवळ लगेच बंद पडला, कारण तो देणाऱ्यांना किरणोत्साराची जी पातळी सांगितली होती ती खऱ्यापेक्षा कितीतरी कमी होती. मग हजारो सैनिकांना फावडी देऊन, एकेकाला मिनिट-दोन मिनिटांसाठी, त्या छतावर पाठवलं. खोटी माहिती देऊन आणलेलं यंत्र आधी मरतं, मग माणसाची पाळी येते.

आता धाडसाबद्दल, कारण साहेबांचा मूळ मुद्दा तोच असायचा: "यंत्राच्या मागे लपणारा फायरमन कसला?" १२ ऑगस्ट २०१५ ला चीनमध्ये तिआनजिन बंदरातल्या रसायन गोदामात स्फोट झाले. १७३ माणसं गेली, त्यातले १०४ अग्निशमन जवान. ४ ऑगस्ट २०२० ला लेबनॉनमध्ये बैरुत बंदरात आगीची वर्दी आली म्हणून गेलेलं दहा जणांचं अख्खं पथक स्फोटात मारलं गेलं. गोदामात २,७५० टन अमोनियम नायट्रेट आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. या माणसांत धाडस कमी होतं असं म्हणायची कुणाची हिंमत आहे? कमी होती ती माहिती. रोबोट असता तर ते नक्की वाचले असते असं मी म्हणत नाही, तिथे खरी चूक माहिती दडवणाऱ्यांची. पण आत काय आहे हे न बघता माणूस पाठवायची सवय तीच.

पॅरिसच्या दलाला कुणी भित्रं म्हटल्याचं मी ऐकलं नाही. १५ एप्रिल २०१९ ला नोत्र दाम कॅथेड्रलला आग लागली (कारण आजवर पक्कं ठरलेलं नाही), मनोरा कोसळला, तेव्हा जवानांना मागे घेऊन 'कोलोसस' हा पाण्याचा मॉनिटर (जोरदार फवारा मारणारी तोफ) बसवलेला, सुमारे अर्ध्या टनाचा रोबोट आत घातला. तो आत पाणी मारत राहिला.

ती हेडफोनवाली जागा वायफळ आहे, एक माणूस कमी करा, असंही आम्हाला सांगण्यात आलंय. ११ सप्टेंबर २००१ नंतर न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांच्या ढिगाऱ्यात शोधकामासाठी पहिल्यांदा रोबोट वापरले गेले. बुटांच्या खोक्याएवढी ती यंत्रं माणूस किंवा कुत्रा शिरू शकणार नाही अशा पोकळ्यांत गेली. जिवंत माणूस त्यांना एकही सापडला नाही, हेही सांगायला हवं. तिथे काम केलेल्या रोबोट-संशोधक रॉबिन मर्फी यांनी नंतर याचाच अभ्यास केला आणि त्यांचं म्हणणं असं की एका रोबोटमागे दोन माणसं हवीत, एक चालवायला आणि एक बघायला. चालवणाऱ्याचं लक्ष पट्टे कशात अडकतायत तिकडे असतं. ठोके मला ऐकू आले नव्हते, त्या पोराला आले.

काही ठिकाणी तर दुसरा पर्यायच नसतो. २०१० साली मेक्सिकोच्या आखातात 'डीपवॉटर होरायझन'ची विहीर फुटली ती सुमारे १,५०० मीटर खोल पाण्यात. तिथे बुडी मारणारा माणूस उतरू शकत नाही. झडपा बंद करायचे पहिले प्रयत्न असोत की शेवटी बसवलेलं झाकण, खालची कामं दूरनियंत्रित यंत्रांनीच केली.

माणसांची गरज संपेल का? नाही. २०२३ मध्ये उत्तराखंडातल्या सिल्क्यारा बोगद्यात ४१ कामगार अडकले होते. पाइपमधून सरकवलेल्या कॅमेऱ्याने ते सगळ्यांना पहिल्यांदा दिसले, पण आडवं भोक पाडणारं यंत्र तुटल्यावर शेवटचे काही मीटर खाणकामगारांनी हातांनीच खणले. यावर मला जास्त काही लिहायचं नाही, कारण ज्यांना ही भीती वाटते त्यांनी ढिगाऱ्यावर रोबोट चालवून बघितलेला नसतो.

तुम्ही कुठल्या दलासाठी किंवा कारखान्यासाठी यंत्र घ्यायच्या विचारात असाल तर ते स्टोअरमध्ये नाही, पहिल्या निघणाऱ्या गाडीत ठेवा. चालवायला फायरमनच शिकवा. आणि कामगिरीत यंत्र गेलं तर चालवणाऱ्याकडून वसुली किंवा खुलासा नाही, हे खरेदीच्याच फायलीत लिहून घ्या. हे लिहिलेलं नसलं तर पुढचा ऑपरेटर तुळई हलायच्या आधी रोबोट मागे घेईल आणि भिंतीपलीकडच्या पोरांना सांगायला कुणी उरणार नाही.

एक आधीच सांगायला हवं होतं. ज्वलनशील वायू साचलेल्या जागी साधा रोबोट सोडू नका, त्याची मोटरच ठिणगी टाकू शकते. खाणींसाठी स्फोटरोधक बनावटीची यंत्रं वेगळी असतात. पाण्याचंही तसंच: २०१० साली न्यूझीलंडच्या पाइक रिव्हर खाणीत स्फोटानंतर लष्कराचा रोबोट पाठवला, तो बोगद्यात पाणी शिरून मध्येच बंद पडला. आमच्या गोदामात दारापाशीच्या डिटेक्टरवर ज्वलनशील वाफेचं रीडिंग आलं नव्हतं, म्हणून मी हट्ट धरला. ते आलं असतं तर रोबोट मीच गाडीत परत चढवला असता.