'ऑन इफ' की 'ऑन व्हेदर'?

प्रश्न असा: 'इट डिपेन्ड्स ऑन इफ ही कम्स' बरोबर, की 'ऑन व्हेदर ही कम्स'? आणि मधला 'ऑन' गाळला तर चालेल का?

'ऑन व्हेदर'. 'ऑन'सारख्या प्रेपोझिशननंतर 'इफ' लिहू नये. पण 'ऑन इफ'पेक्षाही मला छळतं ते 'ऑन दॅट व्हेदर'. मीटिंगमध्ये चांगली शिकलेली माणसं हे रोज बोलतात. हा 'दॅट' आपल्या 'यावर'मधला 'या' आहे. 'तो येईल की नाही यावर' म्हणताना मराठीतला 'वर' अख्ख्या वाक्याला चिकटू शकत नाही, त्याला 'या'ची खुंटी लागते. इंग्रजीत प्रश्नार्थी पोटवाक्य प्रेपोझिशनमागे थेट बसतं: 'अबाउट व्हेअर', 'ऑफ हाउ', 'ऑन हू'. खुंटी नको. आणि 'ऑन हाउ इज द ट्रॅफिक' असा उलटा क्रमही नको. 'ऑन हाउ द ट्रॅफिक इज'.

मग 'इफ'लाच मज्जाव का? व्याकरणाची पुस्तकं नियम सांगून पुढे सरकतात. मला उत्तर शब्दाच्या कुळात दिसतं. 'व्हेदर' म्हणजे आपला संस्कृतातला 'कतर', दोहोंपैकी कोणता! 'भ्रातर्'मधला त जसा 'ब्रदर'मध्ये मऊ झाला, तसाच इथेही. आणि 'कः'च्या क-चं इंग्रजीत 'हू' झालं, तोच क इथे 'व्ह' झाला. शेवटचा 'तर' म्हणजे 'उच्चतर'मधलाच, दोहोंची तुलना करणारा. पाणिनीने यासाठी स्वतंत्र सूत्रच दिलं आहे: 'किंयत्तदो निर्धारणे द्वयोरेकस्य डतरच्'. दोघांतून एक निवडायचा तर कतर. अनेकांतून निवडायचा तर कतम. लॅटिनमधला 'उटर' याच घरातला. त्याला नकार जोडला की 'न्यूटर', दोहोंपैकी एकही नाही.

म्हणजे 'व्हेदर' मुळात सर्वनाम आहे. 1611च्या इंग्रजी बायबलात मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू विचारतो, 'व्हेदर ऑफ देम ट्वेन', त्या दोघांपैकी कोणी बापाची इच्छा पाळली? सर्वनाम नामाच्या जागी बसतं, आणि प्रेपोझिशनला मागे नामच हवं असतं. 'हू', 'व्हॉट', 'व्हेअर', 'हाउ' हे सगळे याच क-गोत्राचे, म्हणून सगळ्यांना प्रवेश. 'इफ' त्या गोत्राचा नाही. तो अट घालणारा, आपल्या 'जर'च्या जातीचा.

शब्दांची मुळं शोधणारे इंग्रज लेखक हॉर्न टूक यांनी 1786मध्ये 'इफ' म्हणजे 'गिव्ह'चं आज्ञार्थी रूप असं ठरवून टाकलं, आणि ते अजूनही कोणी ना कोणी उगाळतं. जुन्या जर्मन आणि गॉथिक भाषांत या शब्दाच्या सुरुवातीला ग नाहीच. 'गिव्ह'ला मात्र तिथेही ग आहे. टूक यांची व्युत्पत्ती तिथेच कोसळते.

आता गीतेचा दुसरा अध्याय उघडा, सहावा श्लोक: 'न चैतद्विद्मः कतरन्नो गरीयो यद्वा जयेम यदि वा नो जयेयुः'. आम्ही जिंकावं की त्यांनी आम्हाला जिंकावं, यांतलं कोणतं बरं, हे अर्जुनाला कळत नाही. 'ठाऊक नाही' असं म्हणून पुढे अप्रत्यक्ष प्रश्न, आणि त्याच्या तोंडाशी 'कतरत्'! 'जर'च्या अर्थाचा 'यदि'ही त्याच ओळीत आहे, पण विकल्पापुरता. प्रश्नाचा भार 'कतरत्'वर आहे. लहानपणापासून हा श्लोक म्हणत आलो, आणि त्यात 'व्हेदर' बसला आहे हे दिसलं त्या दिवशी मी दुसरं काही वाचू शकलो नाही.

इंग्रजी लेखनशैलीचं पुस्तक लिहिणाऱ्या स्ट्रंक यांनी 1918मध्ये 'अ‍ॅज टू व्हेदर'वर काट मारली: नुसता 'व्हेदर' पुरे. 'द क्वेश्चन व्हेदर' म्हणताना पुरे, हे मान्य. पण 'द एव्हिडन्स अ‍ॅज टू व्हेदर'मधून 'अ‍ॅज टू' काढून बघा, वाक्य लंगडतं. सरसकट काट मारणं चूक होतं.

'ऑन' गाळण्याचं राहिलं. बोलताना 'इट डिपेन्ड्स व्हेदर' खुशाल म्हणा. कर्ता 'इट' नसून 'द प्राइस'सारखं नाम असेल, तर 'ऑन' ठेवा.